वाळूचं मंडल कसं करायचं, आणि मग पुसायचं कसं

आधीच सांगते, मंडल म्हणजे गणपतीचं मंडळ नाही, वर्गणी मागत नाहीये. तिबेटी भिक्खू दिवसच्या दिवस वाकून रंगीत वाळूने जे गोल चित्र काढतात आणि पूर्ण झालं की स्वतःच्याच हाताने पुसून टाकतात ना, ते. मागच्या हिवाळ्यात आम्ही भुसावळला आमच्या विहारात त्याचं छोटं रूप करून बघितलं, दोन फुटाचं, मुलं धरून आठ-दहा जण होतो, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतंच की वाळू कुठली घेतली, ते कर्रकर्र वाजणारं नरसाळं कुठून आणलं, मग एवढं केलेलं पुसलं का. एकदाच लिहून टाकते.

मुळात हे काय आहे ते थोडक्यात. तिबेटीत याला दुल-त्सोन-क्यिल-खोर म्हणतात, म्हणजे रंगीत भुकटीचं मंडल. वरून पाहिलं की नक्षी वाटते पण तो खरं तर एका बुद्धाच्या किंवा बोधिसत्त्वाच्या (म्हणजे सगळ्यांना दुःखातून सोडवायला बुद्धत्वाच्या वाटेवर असलेल्याच्या) महालाचा नकाशा असतो, इंजिनिअर घराचा प्लॅन काढतो तसा, चार भिंती, चार दिशांना चार दारं, मधोमध कमळ. कालचक्र मंडलात तर ७२२ देवता मानतात, त्याला कित्येक दिवस लागतात, आणि भिक्खू हे सगळं पाठ करून बसलेले असतात, समोर फोटो ठेवून नाही काढत. पूर्वी हे दीक्षेच्या वेळीच व्हायचं, बाहेरच्यांना दिसायचं नाही. १९८८ साली दलाई लामांच्या नामग्याल मठातल्या भिक्खूंनी न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये लोकांसमोर कालचक्र मंडल केलं आणि तिथून ते जगभर माहीत झालं. आपण करणार ते हे नव्हे, तो अधिकार दीक्षा घेतलेल्यांचा, तेवढी मर्यादा ठेवायची. आपण फक्त त्यांची रीत उचलायची: वाळू, चार जणांनी मिळून, मधून बाहेर, आणि शेवटी पुसणं.

करुणेचं मंडल म्हणतात ते अवलोकितेश्वराचं. तिबेटी लोक त्याला चेनरेझिग म्हणतात. नाव परकं वाटलं तरी हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेऊन मान झुकवून उभा आहे तो पद्मपाणी म्हणजे हाच. जळगावहून साठेक किलोमीटर, शाळेच्या सहलीला सगळेच जाऊन आलेले, पण आपण तिथे बघतो काय तर मुकुट. पुढच्या वेळी ४ नंबरच्या लेण्यात पण थांबा, तिथे दगडात कोरलाय, आजूबाजूला घाबरलेली माणसं, कोणाच्या मागे हत्ती लागलाय, कोणाच्या मागे सिंह, आणि मधे हा. आठ भयांतून सोडवणारा. हे मुलांना आधी दाखवलं ना की मग कमळ कशासाठी काढतोय हे वेगळं समजवावं लागत नाही.

आमच्याकडे सुरू करायच्या आधीच एका काकांनी विचारलं, ताई हे कर्मकांड नाही का, बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढलं ना. प्रश्न बरोबरच होता, मी टाळला नाही. आम्ही पूजा ठेवली नाही, नवस नाही, नारळ नाही. त्रिसरण पंचशील घेतलं आणि कामाला लागलो. प्रज्ञा, शील, करुणा तोंडाने रोजच म्हणतो, एकदा हाताने करून बघू म्हटलं. काका दुसऱ्या दिवशी स्वतःचा चष्मा पुसत उत्तरेच्या कोपऱ्यात येऊन बसले.

आता वाळू. इथेच बहुतेक जण चुकतात, सरळ रांगोळी आणतात. माझा हात रांगोळीचाच, त्यामुळे मी पण पहिल्यांदा तेच केलं. शिरगोळ्याची रांगोळी चिमटीतून छान सुटते पण नरसाळ्यात जाऊन बसते, पिठासारखी, कितीही घासा, टोकाशी गच्च. आपल्याला पीठ नको, रवा पाहिजे. बारीक रवा. भिक्खू पांढरा दगड कुटून तो रंगवतात. गिरणेची वाळू म्हटलं की आपल्याकडे आधी डंपर आठवतो, ते सोडा, ती चालत पण नाही, आपल्या नद्यांची वाळू काळपट, तिच्यावर पिवळा रंग चढवला की शेणासारखा दिसतो. फरशीवाल्याकडे जा, मार्बलचा चुरा मागा, पॉलिशला येतो तो मैद्यासारखा नको, जाड चुरा. तो चहाच्या गाळणीतून गाळायचा, खाली पडेल तो पुन्हा मैद्याच्या चाळणीत घ्यायचा, आणि चाळणीवर जो राहील तोच आपला. हे करताना तोंडाला फडकं बांधा, चुरा छातीत जातो. मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन उन्हात वाळवा. दोन फुटाच्या मंडलाला सगळे रंग मिळून दीड किलोत भागतं, आम्ही पाच किलो केली होती, उगाच.

रंग घरातलेच घ्या, कारण शेवटी हे पाण्यात जाणार आहे. पिवळ्याला हळद, लाल्याला गेरू, निळ्याला कपड्यांची भुकटीची नीळ, काळ्याला कोळसा कुटून, पांढरा तर आहेच. हिरव्याने मला रडवलं, हळद आणि नीळ मिळून जो झाला तो शेवाळी, पण असू दे, पाझर तलावाचा रंग म्हणून खपवला. एक वाटी वाळू, दोन चमचे रंग आणि जेमतेम ओलं होईल इतकी भाताची पातळ पेज, हाताने चोळायचं, कागदावर पसरून सावलीत वाळवायचं, हळदीचं तर सावलीतच, उन्हात उडून जाते. वाळल्यावर गुठळ्या होतील, त्या तळहातावर चोळून परत चाळा.

पेजेने रंग पक्का बसतो पण मुंग्या येतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. पहिल्या रात्री सगळं झाकून गेलो, सकाळी बघतो तर लाल मुंग्यांची रांग दक्षिणेच्या दारातून आत, कमळापर्यंत, एकेक पिवळा कण उचलून चाललेल्या. एका पोराने लगेच मुंग्यांचा खडू आणला पळत जाऊन. हातात घेतला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला, मी काही बोलले नाही, त्यानेच खिशात टाकला परत. मग त्याच्या आजीने उपाय सांगितला, जुन्या घरांत दुधाच्या कपाटाला करायचे तो, टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. वर ज्या होत्या त्यांच्यासाठी टेबलाच्या कडेला कागदावर साखर ठेवली, कागद भरला की उचलून बाहेर झाडाखाली, असं दुपारपर्यंत चाललं. म्हणून सांगते, वाट्या पहिल्या दिवसापासूनच ठेवा.

नरसाळ्याला तिबेटी शब्द चकपूर. धातूचा लांब निमुळता कोन, एका अंगाला खाचा पाडलेल्या. हे जोडीने असतं, एकात वाळू भरायची आणि दुसऱ्याने त्याच्या खाचांवर घासायचं, त्या थरथरीने वाळू टोकातून पाण्याच्या धारेसारखी येते. हळू घासलं तर कण-कण, जोरात घासलं तर धार. भिक्खू सांगतात की जोडीतलं एक प्रज्ञा, एक करुणा, दोन्ही एकमेकांना लागल्याशिवाय वाळू सुटत नाही. विकत मिळतं का हे शोधत बसू नका. माझे मामा रेल्वेत फिटर होते, त्यांनी तांब्याचा पत्रा वीतभर कापला, कोन वळला, जोडाला सोल्डर मारलं, आणि एका अंगाला कानशीने आडव्या खाचा पाडल्या, दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर एक. टोकाचं भोक दीड-दोन मिलिमीटर. दुसऱ्या कोनाच्या जागी आम्ही स्टीलच्या चमच्याची दांडी वापरली, चालतं. चार जणांना चार लागतील, शिवाय रंग बदलताना झटकायला वेळ जातो म्हणून दोन जास्तीची. पत्र्याची कामं करणारा कोणीही करून देईल, फक्त आतून गुळगुळीत पाहिजे म्हणून सांगा, सोल्डरचा थेंब आत राहिला की वाळू तिथेच अडते, मामांचं पहिलं असंच वाया गेलं आणि ते दोन दिवस माझ्यावरच चिडले.

हात बसवायला मुलांना जुन्या वर्तमानपत्रावर बसवा, मथळ्याची अक्षरं वाळूने गिरवायला लावा. अर्ध्या तासात धार सरळ यायला लागते. मोठ्यांना जास्त वेळ लागतो, मोठे जोर लावतात.

पाया म्हणून दोन फूट बाय दोन फूट प्लायवूड, त्याला गडद निळा रंग, चकचकीत नको. ते एका पक्क्या टेबलावर, चारी बाजूंनी माणूस बसेल असं. आता मार्किंग, आणि हे घाईत करू नका. सुतार लोक सूत मारतात तसं, दोऱ्याला खडू लावायचा, दोन टोकांनी दोघांनी ताणायचा, मधे उचलून सोडायचा. आधी कोपरा ते कोपरा दोन तिरक्या रेषा, त्या कापतात तो मध्य. मग चारी बाजूंचे मध्य काढून उभी आणि आडवी. आठ दिशा मिळाल्या, आठ पाकळ्यांचं कमळ याच्यावरच बसतं, वेगळं मोजमाप नाही. मध्यावर खिळा न ठोकता एकाने पेन्सिल धरायची, दोऱ्याने वर्तुळं काढायची: दोन इंच त्रिज्येचं मधलं, पाच इंचाचं कमळाच्या टोकांचं, साडेनऊ आणि अकराचं बाहेरचं कडं. मधे महालाचा चौकोन, बारा इंच बाजूचा, प्रत्येक बाजूच्या मधोमध इंग्रजी टी अक्षरासारखं दार, बाहेर दोन इंच काढलेलं. चौकोनाचे कोपरे साडेआठ इंचांवर येतात, म्हणजे कड्याला टेकत नाहीत. टेकले तर चौकोन तिरका झालाय, पुसा आणि परत.

दिशांचा घोळ होतो, तो आधी मिटवा. मंडलात पूर्व वर नसते, पूर्व आपल्या बाजूला, खाली. तिथून डावीकडे दक्षिण, वर पश्चिम, उजवीकडे उत्तर. तिरक्या रेषांनी चौकोनाचे चार त्रिकोण होतात, त्यात रंग भरायचे: पूर्व निळा, दक्षिण पिवळा, पश्चिम लाल, उत्तर हिरवा, मध्य पांढरा. हे पाच ध्यानी बुद्धांचे, म्हणजे मध्य आणि चार दिशांना मानलेल्या पाच बुद्धांचे रंग, अक्षोभ्य, रत्नसंभव, अमिताभ, अमोघसिद्धी आणि मधे वैरोचन. मंडल बदललं की रंगांची जागा पण बदलते, कालचक्रात पूर्व काळी असते, त्यामुळे कुठेतरी वेगळं पाहिलं तर आमचं चुकलं म्हणून कळवू नका. बाहेरचं कडं ज्वाळांचं, त्यात पाचही रंग एकाआड एक. कमळ आम्ही पांढरंच ठेवलं, पाकळ्यांना काळी कड.

भरायला मधूनच सुरू करायचं. सोपं कारण असं की कडेपासून केलं तर मधे पोचायला केलेल्यावरूनच हात न्यावा लागेल. भिक्खू पण मधूनच निघतात. चार जण चार बाजूंना, प्रत्येकाची एक दिशा, आणि कमळ पूर्ण झाल्याशिवाय कोणी महालात जायचं नाही, महाल झाल्याशिवाय कोणी दारं घ्यायची नाहीत, म्हणजे ज्याचा हात चालतो त्याने थांबायचं. आमच्यात हेच सगळ्यात अवघड गेलं. नववीतल्या एका मुलीचा हात इतका सुंदर की तिचं दक्षिणेचं सगळं तासाभरात होऊन गेलं आणि समोर काका अजून एका पाकळीवर. ती दहा मिनिटं चुळबुळली, मग उठून काकांच्या बाजूला गेली आणि त्यांना रंग भरून देत बसली. एकेका बैठकीत दीड-दोन तास पुरे, मान धरते. आमचं दोन दिवसांत झालं.

चुकलं तर फुंकर मारायची नाही. कितीही मोह झाला तरी. लाकडी पट्टीने, आइसक्रीमची काडी चालते, कण कडेला ओढायचे आणि कोरड्या ब्रशने कागदावर घ्यायचे. सगळ्यांनी मास्क, तो धुळीसाठी नाही, आपल्याच श्वासासाठी. बायकांनी पदर आणि ओढणी खोचून बसा, पश्चिमेची अर्धी ज्वाळा माझ्याच ओढणीने गेली. आणि हे उन्हाळ्यात करूच नका. आपल्या मे महिन्यात पंखा आणि कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही आणि पंख्याखाली वाळू बसू शकत नाही. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत करा.

तरी आमचा पंखा लागलाच. झालं असं की दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेलेली, आम्ही खिडकीच्या उजेडात काम करत होतो, कोणीतरी येता-जाता सवयीने पंख्याचं बटण दाबून ठेवलं, लाईटच नाही तर काय कळणार. साडेतीनला लाईट आली. पंखा दोनच फेरे फिरला असेल, कोणीतरी झेप घेऊन बंद केला, पण तेवढ्यात पूर्वेचं दार आणि निळा त्रिकोण सगळा हिरव्यात जाऊन पडला. कोणी बोलेना. बटण दाबणारा पाचवीतला मुलगा होता, तो भिंतीला चिकटून उभा, डोळे भरलेले. काकांनी त्याला बोलावलं, चकपूर हातात दिलं, पूर्व तू भर म्हणाले. त्याने भरली, वाकडी भरली, तशीच ठेवली. मंडलाची पूर्व बाजू बघणाऱ्याच्या पुढ्यात येते, त्यामुळे पहिली तीच दिसायची सगळ्यांना. तर एवढंच, काम सुरू करायच्या आधी बटणांवर चिकटपट्टी लावा.

झाल्यावर एक दिवस ठेवा, लोकांना बघू द्या. पुसू नका म्हणणारे येणारच, तयारी ठेवा. फेविकॉल मारून फ्रेम करू म्हणणारे तिघे भेटले. गल्लीतल्या एक आजी आल्या, त्यांनी टेबलाला एक फेरी मारली आणि विचारलं, "इतली मेहनत करीसनी पुसी टाकशी?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आमच्या कानबाईसारखंच की (आपल्या खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी). रविवारी बसवायची, रोट, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी नदीवर, जाताना रडू येतं पण ठेवून घेत नाही कोणी. मी इतके दिवस मुलांना अनित्य अनित्य समजावत होते, आजींनी टेबलाला एक फेरी मारून उरकलं.

पुसायची पण रीत आहे. भिक्खूंमधले प्रमुख आधी देवतांच्या जागांची वाळू चिमटीने उचलतात, मग वज्राने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या धातूच्या विधीच्या वस्तूने, दिशांच्या रेषा कापतात, मग ब्रशने बाहेरून आत गोळा करतात. आमच्याकडे देवता नव्हत्या, आम्ही थेट रेषांपासून सुरुवात केली. पहिली रेष कोणी मारायची यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी पंखेवाल्या पोरानेच मारली, पूर्वेच्या दारातून मध्यापर्यंत, बोटाने, एका झटक्यात. मग तीन इंची कोऱ्या ब्रशने चौघांनी चार बाजूंनी आत लोटायचं, घाई नाही. पहिल्या हाताला रंग पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे दिसतात, तिसऱ्या-चौथ्या हाताला मातकट होतात, आणि मधे ढीग झाला की चुलीतल्या राखेसारखा एकच रंग उरतो. इतकं निळं, पिवळं कुठे गेलं असं होतं, पण निरखून पाहिलं तर प्रत्येक कण अजून आपापल्या रंगाचाच असतो. मुलांना भिंग द्या, त्यांना हेच सगळ्यात जास्त आवडलं.

अर्धी वाळू कागदाच्या छोट्या पुड्या करून आलेल्यांना वाटायची, भिक्खू पण वाटतात. अर्धी वाहत्या पाण्यात, म्हणजे पाणी ती समुद्रापर्यंत नेईल आणि वाटेत जे जे जीव आहेत त्या सगळ्यांना मिळेल अशी त्यामागची भावना. वाहतं पाणी हे आपल्याकडे वर्षातले काही महिनेच, हे अजून एक कारण हिवाळ्याचं. डबकं असेल तर टाकू नका, वावरात नाहीतर झाडाखाली टाका. आणि ज्यांनी बाजारचे पक्के रंग वापरलेत त्यांनी पाण्यात अजिबातच नाही.

आम्ही सकाळी सातला तापीवर गेलो. मातीच्या मडक्यात जेमतेम पाऊण किलो असेल. अजिंठ्याची वाघूर पण शेवटी याच तापीला मिळते हे मुलांना सांगितलं. भवतु सब्ब मंगलं म्हटलं आणि मडकं तिरकं केलं. हळदीचा एक पिवळट ढग क्षणभर दिसला, वाळू सरळ खाली गेली. आमचा पंखेवाला पाण्याकडे बघत म्हणाला, आता हे सुरतला कधी पोचेल? मी म्हटलं मधे उकाई धरण आहे रे. तो म्हणाला, मग त्यांनी दरवाजे उघडले की.